नदी कुणाला विचारून अडवली?

ग्वाटेमालात आल्टा व्हेरापास नावाचा डोंगराळ प्रांत आहे. भरपूर पाऊस, चुनखडीचे डोंगर आणि उतारावरून धावणाऱ्या नद्या यांमुळे देशातले मोठे जलविद्युत प्रकल्प याच प्रांतात किंवा त्याच्या वेशीवर उभे राहिले. चिशॉय आणि काहाबोन या नद्यांवर तयार होणारी वीज राजधानीकडे जाते. ग्वाटेमाला शेजारच्या एल साल्वादोरलाही वीज विकतो. आणि देशात सर्वांत कमी घरांपर्यंत वीज पोचलेला प्रांत कोणता, तर हाच आल्टा व्हेरापास. केक्ची माया शेतकऱ्यांच्या मक्याच्या शेतांवरून उच्च दाबाच्या तारा जातात, खालच्या कितीतरी घरांत मात्र मीटर नाही. देशभरातली निम्म्याहून अधिक कुटुंबे अजून लाकूड जाळून स्वयंपाक करतात. याच डोंगररांगेने दक्षिणेला उतरत गेले की कोस्टा रिका लागतो. तेच ज्वालामुखी, तोच मे ते नोव्हेंबरचा पावसाळा, तशाच आखूड, खळाळत्या नद्या. पण इथे जवळपास प्रत्येक घरात वीज आहे, आणि २०१५ ते २०२२ या काळात तिच्यापैकी ९८ टक्क्यांहून अधिक वीज पाणी, भूगर्भातली उष्णता, वारा अशा न संपणाऱ्या स्रोतांतून आली.

निसर्गाने दोघांना जवळजवळ सारखेच दिले. मग हा फरक आला कुठून? नेहमीची उत्तरे तीन. कोस्टा रिका लहान आहे. तिथला समाज अधिक एकजिनसी आहे. आणि अमेरिकेने तिथे ग्वाटेमालासारखी ढवळाढवळ केली नाही. या तिन्हींत थोडे तथ्य आहे. १९५४मध्ये सीआयएने आखलेल्या उठावात ग्वाटेमालाचे निवडून आलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ पदच्युत झाले आणि नंतर ३६ वर्षे यादवी चालली, ही गोष्ट बाजूला ठेवून त्या देशाविषयी काही बोलताच येत नाही. पण एल साल्वादोर कोस्टा रिकाहून लहान आहे, आणि केळीच्या मळ्यांचे साम्राज्य उभारणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीची मुळे तर कोस्टा रिकातल्या रेल्वेमार्गातच आहेत. मला वाटते, निर्णायक गोष्ट वेगळी आहे. नदी अडवण्याआधी किंवा डोंगर फोडण्याआधी तिथल्या लोकांना नाही म्हणता येत होते का? आणि त्यातून आलेला पैसा, लोक ज्याला जाब विचारू शकतील अशा संस्थेमार्फत परत आला का? या दोन प्रश्नांची उत्तरे जिथे होकारार्थी होती, तिथे नैसर्गिक संपत्तीतून विकास झाला. जिथे नकारार्थी होती, तिथे अन्याय तर झालाच, शिवाय व्यवहार म्हणूनही तो तोट्यात गेला. विकास आणि संमती यांना नेहमी एकमेकांविरुद्ध उभे केले जाते, म्हणून हा दुसरा भाग हिशेबासकट मांडायला हवा.

सुरुवात चिशॉयपासून करू. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि ग्वाटेमालाच्या सरकारी वीज संस्थेने सुमारे ३०० मेगावॉटचे धरण हाती घेतले. कर्ज जागतिक बँकेने आणि आंतर-अमेरिकन विकास बँकेने दिले. बुडिताखाली रिओ नेग्रो हे आची माया लोकांचे गाव येत होते. पुनर्वसनासाठी दाखवलेली जमीन नापीक होती आणि घरे त्यांच्या राहणीला न साजणारी, म्हणून गावाने हलायला नकार दिला. १९८०मध्ये गावाचे दोन प्रतिनिधी, सरकारने लेखी दिलेल्या आश्वासनांची वही घेऊन, वीज संस्थेकडे निघाले. त्यांचे मृतदेह सापडले. वही कधीच सापडली नाही. १३ मार्च १९८२ रोजी सैनिक आणि त्यांच्या हाताखालची शेजारच्या गावातली सशस्त्र टोळी रिओ नेग्रोत शिरली आणि ७० बायका व १०७ मुले यांना डोंगरावर नेऊन ठार मारले. त्या वर्षभरात या गावातल्या व परिसरातल्या ४००हून अधिक लोकांचा बळी गेला. पुढच्या वर्षी धरण भरले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो ऐकून घ्यायला हवा: त्या काळात लष्कराने शेकडो माया गावे उद्ध्वस्त केली, त्यांतल्या बहुतेक गावांजवळ कुठलेही धरण नव्हते, तेव्हा हा गुन्हा युद्धाचा, वीजप्रकल्पाचा नाही. युद्ध नसते तर इतका संहार झाला नसता, हे खरेच. पण रिओ नेग्रोवर बंडखोरीचा शिक्का बसला तो स्थलांतराला नकार दिल्यानंतर. ज्या राज्यात नकार म्हणजे शत्रुत्व मानले जाते, तिथे प्रकल्पाचा आराखडाच हिंसेला निमंत्रण देतो. आणि व्यवहाराचे काय झाले? वीजनिर्मिती सुरू झाल्यावर काही महिन्यांतच बोगद्यातल्या बिघाडामुळे ती बंद पडली. दुरुस्तीपायी कर्ज वाढले. २०१२मध्ये आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने रिओ नेग्रोच्या हत्याकांडांसाठी ग्वाटेमालाला दोषी धरले, आणि २०१४मध्ये सरकारला धरणाने उद्ध्वस्त झालेल्या ३३ वस्त्यांसाठी सुमारे १५.४ कोटी डॉलर भरपाई मान्य करावी लागली. तीस वर्षांपूर्वी चांगली जमीन दिली असती तर याच्या कितीतरी कमी खर्चात भागले असते. गेलेली माणसे तर कुठल्याच रकमेत मावत नाहीत.

कोस्टा रिकाची गोष्टही आदर्श परिस्थितीत सुरू झाली नव्हती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथली शहरी वीज अमेरिकी कंपनीच्या ताब्यात होती; दर चढे आणि पुरवठा अपुरा. नागरिकांच्या चळवळींनी पाणी ही राष्ट्राची मालमत्ता असल्याचा आग्रह तेव्हापासून धरला. १९४८च्या छोट्या यादवीनंतर होसे फिगेरेस यांच्या हंगामी सरकारने बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, सैन्य बरखास्त केले आणि ८ एप्रिल १९४९ रोजी राष्ट्रीय वीज संस्था स्थापन केली. लोक तिला आद्याक्षरांवरून ‘ईसे’ म्हणतात. सैन्य बरखास्तीचे कौतुक जगभर होते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते या संस्थेच्या कायद्यातले एक कलम. संस्थेचा नफा पुन्हा वीजनिर्मितीतच गुंतवायचा आणि सरकारने त्यातला काहीही भाग आपल्याकडे ओढायचा नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. होर्हे मानुएल देंगो या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली संस्थेने आधी मध्यम आकाराची धरणे बांधली, आपले अभियंते तयार केले आणि मग मोठ्या कामांना हात घातला. दूरच्या भागांत १९६०च्या दशकात ग्राहकांच्या सहकारी वीज संस्था उभ्या राहिल्या. सान कार्लोसचा कोपेलेस्का किंवा लोस सांतोस खोऱ्यातला कोपेसांतोस हे संघ आजही चालू आहेत. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल.

१९७०च्या दशकात आरेनाल जलाशयासाठी सुमारे २,५०० लोकांना हलवावे लागले. म्हणजे इथेही गावे बुडालीच. पण नव्या जागा निवडताना लोकांशी चर्चा झाली, शेतीयोग्य जमीन मिळाली, आणि जलाशयाचे पाणी पुढे ग्वानाकास्तेच्या कोरड्या पट्ट्यात सिंचनाला गेले. सुरुवातीची काही वर्षे विस्थापितांनी हाल सोसले, तरी या पुनर्वसनाचा उल्लेख मध्य अमेरिकेत तुलनेने यशस्वी म्हणून होतो. या विश्वासाची परीक्षा मार्च २०००मध्ये झाली. ईसेची मक्तेदारी मोडण्याचे विधेयक संसदेने पहिल्या वाचनात मोठ्या बहुमताने मंजूर केले, तेव्हा विद्यार्थी, शेतकरी आणि कामगार आठवडे रस्त्यावर राहिले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. वीज मंडळाच्या बचावासाठी देश रस्त्यावर उतरतो, कारण ते मंडळ आपले आहे असे लोकांना वाटते.

शेजारी याच्या उलटे घडत होते. होंडुरासने १९८५मध्ये एल काहोन हे ३०० मेगावॉटचे धरण बांधले आणि सगळी भिस्त त्यावर ठेवली. १९९४मध्ये पाऊस हुकला, जलाशय आटला, देश तासन्‌तास अंधारात गेला. घाबरलेल्या सरकारने डिझेल-फर्नेस तेलावर चालणाऱ्या खासगी संचांशी घाईघाईने महागडे करार केले. त्यांच्या ओझ्याखाली तिथले सरकारी वीज मंडळ आजवर वाकलेले आहे. तयार विजेचा तिसरा हिस्सा गळती आणि चोरीतच जातो. ग्वाटेमालात पुएर्तो केत्साल बंदरात १९९३ साली तराफ्यावर उभे केलेले ११० मेगावॉटचे वीज केंद्र सुरू झाले. ते एन्रॉनचे होते. त्याच वर्षांत दाभोळच्या करारावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्याचा नाट्यप्रयोग त्याच कंपनीने अर्ध्या जगापलीकडे आधीच मांडला होता. एन्रॉन कोसळल्यावर अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने २००३मध्ये ग्वाटेमालातल्या या व्यवहारावर स्वतंत्र अहवाल काढला. तुटवड्याच्या भीतीपोटी, चर्चा टाळून केलेला करार किती महाग पडतो, हे मराठी माणसाला निराळे समजावून सांगायची गरज नाही.

त्याच होंडुरासमध्ये जून २००९च्या लष्करी उठावानंतर नद्यांवरच्या सवलतींचा धडाका लागला. संसदेने चाळीसच्या आसपास जलविद्युत प्रकल्पांना मंजुरी दिली. आदिवासींशी सल्लामसलत बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ होंडुरासने १९९५मध्येच स्वीकारला होता. तो बासनात राहिला. ग्वालकार्के नदीवरचा आग्वा सार्का प्रकल्प फक्त २१.३ मेगावॉटचा. लेंका आदिवासींसाठी ती नदी पवित्र आणि रोजच्या पाण्याची. रिओ ब्लांकोच्या गावकऱ्यांनी एप्रिल २०१३मध्ये रस्ता अडवला. जुलैमध्ये तोमास गार्सिया या कार्यकर्त्याला सैनिकाने गोळी घातली, आणि सिनोहायड्रो ही चिनी बांधकाम कंपनी निघून गेली. आंदोलनाच्या नेत्या बेर्ता कासेरेस यांना २०१५मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि २ मार्च २०१६च्या रात्री ला एस्पेरान्सा गावी घरात घुसून त्यांचा खून करण्यात आला. डच आणि फिनिश सरकारी वित्तसंस्थांनी २०१७मध्ये प्रकल्पातून अंग काढून घेतले. कंपनीचे प्रमुख दाविद कास्तियो यांना खुनात सहभागासाठी २०२२मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. धरण झालेच नाही. एका पवनऊर्जा प्रकल्पाइतकीही वीज देऊ न शकणाऱ्या कामासाठी एक असामान्य बाई मारली गेली, परदेशी कर्जदारांचा पैसा अडकला आणि होंडुरासच्या प्रत्येक नव्या प्रकल्पावर संशयाची सावली पडली. कागदावर हा हरित ऊर्जेचा प्रकल्प होता. ‘हरित’ शब्द लावला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात, हा समज ज्यांचा असेल त्यांनी ग्वालकार्केचा इतिहास वाचावा.

खनिजांच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक ठळक होतो, कारण तिथे रकमा मोठ्या असतात. एल साल्वादोर हा दाट वस्तीचा देश. त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा बहुतांश भाग दूषित आहे, आणि राजधानीची तहान व धरणे दोन्ही लेंपा या एका नदीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. त्या नदीच्या खोऱ्यात काबान्यास प्रांतात सोने काढू पाहणाऱ्या पॅसिफिक रिम या कंपनीला परवाना नाकारला, तेव्हा तिने २००९मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात दावा लावला आणि शेवटी सुमारे २५ कोटी डॉलर मागितले. त्याच वर्षी खाणविरोधी कार्यकर्ते मार्सेलो रिव्हेरा यांचा खून झाला. २०१६मध्ये लवादाने दावा फेटाळून कंपनीलाच ८० लाख डॉलर खर्च भरायला लावला. २९ मार्च २०१७ रोजी संसदेने सर्व धातुखाणींवर बंदी घातली. जगात असा कायदा करणारा हा पहिला देश. डावे, उजवे आणि चर्च सगळे एका बाजूला होते. विरोधात एकही मत पडले नाही. पुढे सगळी सत्ता हाती एकवटलेल्या अध्यक्ष नायिब बुकेले यांच्या पक्षाने २३ डिसेंबर २०२४ला ती बंदी उठवली. बुकेले यांनी देशाखालच्या सोन्याचे मोल ३ लाख कोटी डॉलरपर्यंत सांगितले. तो आकडा खरा मानला तरी प्रश्न उरतो: लेंपा एकदा सायनाइडने आणि आम्लाने बिघडली, तर दुसरी नदी आणायची कुठून? बारा वर्षांच्या चर्चेने घडलेला निर्णय नाताळच्या तोंडावर, चर्चेविना मोडला जातो, तेव्हा त्यावर उभी राहणारी खाणही तितकीच डळमळीत असेल.

हे डळमळीतपण पनामाने दाखवून दिले. कोब्रे पनामा ही तांब्याची प्रचंड खाण कोलोन प्रांतातल्या जंगलात २०१९पासून चालू झाली. फर्स्ट क्वांटम या कॅनेडियन कंपनीने तीत सुमारे १० अब्ज डॉलर घातले. देशाच्या सकल उत्पन्नात तिचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. विजेच्या गाड्यांना आणि पवनचक्क्यांना तांबे लागते, म्हणून तिला हरित भविष्याची खाण म्हणून मिरवले जाई. ती स्वतः मात्र आपल्या ३०० मेगावॉटच्या कोळसा केंद्रावर चालत होती. मूळ करार १९९७चा, निविदा न काढता दिलेला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. तरीही काम चालू राहिले. मग २० ऑक्टोबर २०२३ला संसदेने नवा करार मंजूर केला आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी सही केली. कंपनी वर्षाला किमान ३७.५ कोटी डॉलर देणार होती. पण लोक बाहेर पडले आणि महामार्ग महिनाभर ठप्प झाले. त्यात माणसे मेली. २८ नोव्हेंबरला न्यायालयाने हाही करार रद्द केला. खाण बंद झाली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पनामाने हजारो रोजगार गमावले, मार्च २०२४मध्ये फिच या पतमापन संस्थेने देशाचे मानांकन गुंतवणूकयोग्य पातळीच्या खाली आणले, कंपनीने अब्जावधी डॉलरचे लवाददावे लावले. लहान, कर्जबाजारी देशाला ही चैन परवडते का? माझे उत्तर असे की हा भुर्दंड २०२३च्या निदर्शनांचा मानणे चूक आहे. तो १९९७पासून साचत आलेला होता. पहिला करार उघड निविदेने झाला असता, २०१७चा निकाल पाळला असता, पाणी आणि जंगल यांचा हिशेब लोकांसमोर मांडला असता, तर कदाचित लहान खाण झाली असती किंवा झालीच नसती. पण १० अब्ज डॉलर अधांतरी लटकले नसते. गुंतवणूकदार ज्याला स्थैर्य म्हणतो, ते मंत्र्याच्या सहीतून येत नाही. ज्या करारामागे लोक नाहीत, तो पुढच्या निवडणुकीपुरता किंवा पुढच्या निकालापुरताच टिकतो.

दुसरा आक्षेप कोस्टा रिकावर बोट ठेवूनच घेतला जातो. दक्षिणेतला डिकीस हा ६५० मेगावॉटच्या आसपासचा प्रकल्प तेराबा आदिवासींच्या भूमीवर येत होता. ईसेने त्यांना न विचारता काम सुरू केले. २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया यांनी पाहणी करून सल्लामसलतीचा आग्रह धरला. २०१८मध्ये मागणी कमी आणि खर्च फार असे सांगून प्रकल्प सोडून दिला गेला. मग २०२३-२४चा दुष्काळ आला, मे २०२४मध्ये भारनियमन जाहीर झाले आणि केवळ वेळेवर पाऊस पडला म्हणून ते टळले. टीकाकार म्हणतात, संमतीच्या नादात धरण गमावले. पण दुष्काळात अडचण आली ती पाण्यावरच्या अतिभिस्तीमुळे, आणि त्यावर आणखी एक जलाशय हा उपाय एल काहोनचीच चूक पुन्हा करणे होय. वारा, सौरऊर्जा आणि भूउष्णता यांची जोड वाढवणे हा खरा मार्ग आहे. तिथेही निवड करावी लागते: भूउष्णतेची उत्तम ठिकाणे राष्ट्रीय उद्यानांत आहेत आणि कायद्याने तिथे विहिरी खोदता येत नाहीत. तो निर्णय महाग आहे, पण लोकांनी डोळे उघडे ठेवून घेतलेला आहे. डिकीसमधून एवढे मात्र मान्य करावे लागते की चांगली संस्थाही आदिवासींच्या दाराशी पोचल्यावर राजधानीसारखीच वागते. आणखीही एक मान्य करायला हवे. कोस्टा रिकाची वीज हिरवी असली तरी गाड्या आयात तेलावर चालतात, आणि एकूण ऊर्जावापरात निम्म्याहून अधिक वाटा अजून तेलाचाच आहे.

बंदी घातली की प्रश्न मिटतो, असेही नाही. कोस्टा रिकातच, निकाराग्वाच्या सीमेजवळ क्रुसीतास येथे न्यायालयाने २०१०मध्ये सोन्याच्या खुल्या खाणीचा परवाना रद्द केला आणि त्याच वर्षी देशभर खुल्या खाणींवर बंदी आली. काही वर्षांनी तिथे हजारो बेकायदा खोदणारे, स्थानिक भाषेत ‘कोलिगायेरो’, शिरले. पारा वापरून सोने काढू लागले. मातीत आणि ओढ्यांत विष गेले. यावरून खाणीला परवानगीच बरी होती असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला उलट दिसते: नाही म्हणणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे त्या भागातल्या बेरोजगार तरुणांना दुसरे काम देणे आणि जागेवर राज्याची उपस्थिती ठेवणे. राजधानी सान होसेमध्ये बसून बंदी घालणाऱ्यांनी ते केले नाही.

या सगळ्या देशांना बांधणारी एक गोष्ट मात्र शांतपणे काम करते आहे. ग्वाटेमालापासून पनामापर्यंत सुमारे १,८०० किलोमीटर लांबीची २३० किलोव्होल्टची समाईक वीजवाहिनी २०१४मध्ये पूर्ण झाली. तिच्यावरून एकाच्या पावसाची वीज दुसऱ्याच्या कोरड्या महिन्यात जाऊ शकते. क्षमता ३०० मेगावॉट, म्हणजे अजून थोडीच. ती वाढली तर प्रत्येक देशाला स्वतःचे अखेरचे खोरे अडवण्याची घाई उरणार नाही. सरकारे एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार असतील, तर नव्या धरणांच्या मानाने हा फार स्वस्त मार्ग आहे.

पुढची कसोटी पनामातच आहे. कालव्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजामागे गातुन तलावाचे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते, आणि निम्म्याहून अधिक देश त्याच पाणलोटाचे पाणी पितो. २०२३च्या दुष्काळात रोजची ३६ जहाजे २२-२४वर आणावी लागली. म्हणून कालवा प्राधिकरणाला रिओ इंदियो नदीवर १.६ अब्ज डॉलरचे धरण हवे आहे. त्यात सुमारे २,००० लोकांची गावे जातील. १९९९च्या कायद्याने ही खोरी शेतकऱ्यांना न विचारता कालव्याच्या पाणलोटात जोडली होती, आंदोलनानंतर २००६मध्ये ती वगळली, आणि २०२४मध्ये न्यायालयाने ती पुन्हा आत आणली. प्राधिकरणाची या वेळची भाषा बरीच सावध आहे: घरोघर पाहणी, चर्चा, पुनर्वसनाचे आराखडे. कालव्याला वर्षाला अब्जावधी डॉलर मिळतात, त्यामुळे पैसा ही अडचण नाही. अडचण अशी की या खोऱ्यातल्या बहुतेक कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, नोंदलेले पट्टे नाहीत. भरपाईचा दर ठरण्याआधी सरकारने त्यांची मालकी मान्य करायला हवी. आणि धरणाऐवजीचे दुसरे पर्याय, म्हणजे बायानो जलाशयाचे पाणी आणणे किंवा वाहतुकीवरच मर्यादा घालणे, खर्चासकट त्यांच्यासमोर ठेवायला हवेत. ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांचा नकार कुठल्या कार्यालयात नोंदवला जाणार, हा प्रश्न रिओ इंदियोच्या शेतकऱ्यांनी प्राधिकरणाला आताच विचारायला सुरुवात केली आहे.